तलवार कुणाची?

जुनी तलवार दृष्टीस पडली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा : ही कुणाची? विळा किंवा कुऱ्हाड पाहून असा प्रश्न कुणी विचारीत नाही. विळ्याने गवत कापले जाते, कुऱ्हाडीने लाकूड फुटते; ते काम कुणाच्या हाताने झाले याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. तलवारीला मात्र धनी लागतो. तो कळला की आपले समाधान होते. तो राजा असला तर आपण पायांतल्या वहाणा काढतो, सरदार असला तर मान डोलावतो, आणि कुणी अप्रसिद्ध शिपाई निघाला तर पुढच्या कपाटाकडे वळतो.

वस्तुतः तलवारीबाबत आणखी एक प्रश्न संभवतो, आणि तो पहिल्याइतकाच साधा आहे. हिने कुणाला मारले? पण हा प्रश्न ओठांवर येत नाही. का येत नाही याचा मी पुष्कळ दिवस विचार करीत आहे, आणि त्या विचाराला निमित्त झाली आहे ती जर्मनीतली एक हजार वर्षांची तलवार. ती मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या शाळामास्तराचा जर्मनीशी संबंध पुस्तकांपुरता आणि छायाचित्रांपुरताच असायचा. परंतु काही वस्तू चित्रात पाहिल्या तरी मनातून हलत नाहीत, त्यांपैकी ही एक आहे.

जर्मनीच्या पश्चिमेला ऱ्हूर नदीच्या काठी एसेन नावाचे शहर आहे. तिथल्या कॅथीड्रलच्या रत्नशाळेत ही तलवार आपल्या म्यानासह ठेवलेली आहे. तिचे पाते दहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे. लोखंडाच्या निरनिराळ्या जातींच्या कांबी पिळून, तापवून, एकमेकींवर ठोकून असे पाते घडवीत. मग घासताना त्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. हे पाते शोभेसाठी घडवलेले नाही. ते लढाईचे पाते आहे, आणि त्यावर वापराच्या खुणाही आहेत. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस त्याचे नशीब पालटले. मुठीला सोन्याच्या तारेचे बारीक काम, मीनाकारी आणि रत्ने आली. लाकडी म्यानावर सोन्याचा पत्रा चढला, आणि त्या पत्र्यावर वळसे घेत जाणारे वेल आणि त्यांत दडलेले प्राणी उठवले गेले. रणांगणातले पाते एकदाचे मखरात बसले.

ज्या ठिकाणी ते बसले ते ठिकाणही ध्यानात घेण्याजोगे आहे. ती कुणा सेनापतीची गढी नव्हती, बायकांचा मठ होता. हिल्डेसहाइमचा बिशप आल्टफ्रीड याने नवव्या शतकाच्या मध्याला एसेन येथे उमराव घराण्यांतील स्त्रियांसाठी हा मठ स्थापन केला. दहाव्या शतकाच्या शेवटी माथिल्डे नावाची विदुषी त्याची प्रमुख होती. ही सम्राट पहिला ओटो याची नात. इ. स. १०११ मध्ये ती वारली. तिच्या काळात एसेनला सोन्याची अशी कामे जमली की आजही जगभरचे जाणकार ती पाहायला जातात. सोन्याच्या पत्र्याने मढवलेली माता मेरीची सुप्रसिद्ध मूर्ती त्याच सुमाराची. या मठाची प्रमुख पुढे त्या मुलखाची राज्यकर्तीच झाली, आणि इ. स. १८०३ मध्ये मठ बरखास्त होईपर्यंत तो अधिकार चालला. तेव्हा या स्त्रिया केवळ जपमाळ ओढणाऱ्या होत्या असे समजण्याचे कारण नाही. राज्य चालवायचे तर दंड धारण करावा लागतो, हे त्यांना ठाऊक असणारच.

इथपर्यंत या तलवारीत जगावेगळे असे काही नाही. हत्यार सोन्याने मढवून त्याला मानाची जागा देणारे लोक पृथ्वीच्या पाठीवर सगळीकडे झाले. वेगळी गोष्ट घडली ती नंतर. पंधराव्या शतकात त्या म्यानावर चांदीची पट्टी बसवून तिच्यावर लॅटिन अक्षरे कोरण्यात आली. त्यांचा अर्थ असा : ‘जिने आमच्या पालक संतांचा शिरच्छेद झाला ती ही तलवार.’

हे पालक संत म्हणजे कोस्मास आणि दामिआन. दोघे भाऊ, दोघेही वैद्य. आशिया मायनरमध्ये ते रोग्यांना औषधपाणी करीत आणि त्याबद्दल कवडीही घेत नसत. ग्रीक लोकांनी त्यांना जे विशेषण दिले त्याचा अर्थच मुळी ‘रुपे न घेणारे’ असा आहे. रोमन सम्राट डायोक्लीशन याच्या राजवटीत, इ. स. ३०० च्या सुमारास, त्यांना ख्रिस्ती धर्म सोडण्याविषयी फर्मावण्यात आले. त्यांनी ऐकले नाही. कथा अशी सांगतात की त्यांना पाण्यात लोटले, आगीत टाकले, पण त्यांचे प्राण गेले नाहीत. अखेरीस त्यांची डोकी उडवण्यात आली. वैद्य, शस्त्रवैद्य आणि औषधे करणारे लोक युरोपात आजही या दोघांना आपले पाठीराखे मानतात. परवाच धन्वंतरीपुढे धने-गूळ ठेवलेल्या आपल्या वाचकांना ही भावना समजावून सांगण्याची जरुरी नाही.

आता थोडा हिशेब करा. संत गेले ते तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या संधीवर आणि पाते घडले दहाव्या शतकात. मध्ये साडेसहाशे वर्षे लोटली. तेव्हा म्यानावरचा लेख खोटा आहे. त्या तलवारीने त्या वैद्यांना मारलेले असणे शक्यच नाही. तिने ज्यांना मारले असेल ते दुसरेच कुणी अनाम शिपाई.

इतिहास शिकवणारा म्हणून मी इथे थांबायला हवे. खोटे ते खोटे. मुलांना सांगावे आणि पान उलटावे. परंतु कादंबऱ्या लिहिण्याची खोड लागलेला जो दुसरा माणूस माझ्यात आहे तो मला पान उलटू देत नाही. तो म्हणतो, खोटे का सांगितले गेले ते तरी बघ. लोक खोटे बोलतात ते बहुधा आपला मोठेपणा वाढवण्यासाठी. तलवारीविषयी थाप मारायची तर ती शार्लमेनची आहे, ओटोची आहे, अमुक रणशूराची आहे, अशी मारणे सोपे होते आणि फायद्याचेही होते. एसेनच्या लोकांनी तसे केले नाही. कुणी चालवली हे त्या पट्टीवर नाही. ज्या हाताने तो घाव घातला त्या हाताचे नावच नाही. उल्लेख आहे तो ज्यांच्या मानेवर घाव पडला त्यांचा. माझ्या माहितीत तलवारीची अशी ओळख करून देणारा दुसरा लेख नाही.

याचे महत्त्व कळण्यासाठी दुसरी एक जर्मन तलवार शेजारी ठेवून पाहावी. जुन्या जर्मन साम्राज्याची राज्याभिषेकाची तलवार व्हिएन्ना येथील हॉफबुर्ग राजवाड्यात आहे. तिची मौज अशी की तिचे म्यान तिच्याहून वयाने वडील आहे. म्यान अकराव्या शतकातले, आणि तलवार इ. स. ११९८ च्या सुमाराची, चौथा ओटो या राजाच्या वेळची. म्यानावर सोन्याच्या चौदा पट्ट्या आहेत आणि त्यांवर शार्लमेनपासून तिसऱ्या हेन्रीपर्यंत चौदा राजे उभे आहेत. तलवार कमरेला लटकवली तर हे सगळे राजे खाली डोके वर पाय होतात. ती टोक वर करून धरली की मगच ते सरळ उभे राहतात. कारण अभिषेक झालेला सम्राट देवळाबाहेर पडे तेव्हा मानकरी ही तलवार टोक वर करून त्याच्यापुढे चालत असे. म्हणजे वापरण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठीच ती घडवलेली.

दोन्ही तलवारी एकाच साम्राज्यातल्या, दोन्ही सोन्याने मढवलेल्या. एकीच्या म्यानावर चौदा चालवणारे आहेत, दुसरीच्या म्यानावर दोन मारले गेलेले. पहिली सांगते, ‘मी कुणाकुणाच्या हाती होते ते पाहा.’ दुसरी सांगते, ‘मी कुणाच्या मानेवर पडले ते विसरू नका.’ शस्त्राचा मान राखण्याच्या या दोन तऱ्हा आहेत, आणि एखादा समाज कुठली तऱ्हा पत्करतो यावर त्याचे बरेचसे भवितव्य ठरते असे मला वाटते.

चौदा राजांच्या तलवारीचे पुढे काय झाले ते इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. साम्राज्य इ. स. १८०६ मध्ये बुडाले. तलवार उरली. इ. स. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळल्यावर हिटलरने ती मुकुट, राजदंड यांसह व्हिएन्नाहून न्यूरेंबर्गला नेली. न्यूरेंबर्ग हे त्याच्या पक्षाच्या मेळाव्यांचे गाव. त्या पट्ट्यांवर पंधरावा राजा म्हणून आपली जागा आहे असे त्याला वाटले असले तर नवल नाही. कारण ती मांडणीच अशी आहे की पाहणाऱ्याने रांगेत उभे राहावे. चौदा राजांपैकी एकानेही त्याला अडवले नाही. युद्ध संपल्यावर इ. स. १९४६ मध्ये ती पुन्हा व्हिएन्नाला पोचली. मधल्या आठ वर्षांत किती माणसे मेली ते इथे सांगायला नको.

कुणी म्हणेल, मास्तर, तुमची एसेनची तलवार तरी कुठे कुणाला अडवू शकली? हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे मला शक्य नाही. कारण एसेन म्हणजे क्रुप.

इ. स. १८११ मध्ये फ्रीडरिश क्रुप याने एसेनला पोलादाचा कारखाना काढला. त्याचा मुलगा आल्फ्रेड याने तो नावारूपाला आणला. इ. स. १८५१ मध्ये लंडनला जे मोठे जागतिक प्रदर्शन भरले त्यात आल्फ्रेडने पोलादाचा एक अवाढव्य ठोकळा पाठवला आणि त्यासोबत चकाकणारी एक पोलादी तोफ. ती तोफ पाहायला लोकांनी गर्दी केली. कुणी दारू भरली नाही, बार काढला नाही. तीही त्या दिवशी शोभेचीच वस्तू होती! पुढे वीसच वर्षांनी, इ. स. १८७० च्या युद्धात, क्रुपच्या तोफांनी फ्रान्सला नमवले. पहिल्या महायुद्धात बेल्जमचे किल्ले फोडणाऱ्या प्रचंड तोफा क्रुपच्याच. दुसऱ्या महायुद्धात तर पकडून आणलेल्या लोकांना या कारखान्यात गुलामांसारखे राबवण्यात आले, आणि त्याबद्दल इ. स. १९४८ मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने मालकाला बारा वर्षांची शिक्षा दिली. तीन वर्षांत तो सुटला, ही गोष्ट निराळी. ५ मार्च १९४३ च्या रात्री इंग्रज विमाने एसेनवर आली आणि कारखान्याबरोबर ते जुने देऊळही उद्ध्वस्त झाले. तलवार आणि बाकीचा ठेवा तिथून आधीच हलवला होता म्हणून वाचला. युद्ध संपताना अमेरिकन सैनिकांना तो सीगेन गावच्या एका जुन्या खाणीच्या बोगद्यात सापडला. बाहेर त्याच गावच्या पोलादाने जगाची राख केली होती, आणि ती सोन्याची तलवार अंधारात नुसती पडून होती.

तेव्हा म्यानावरचा तो लेख कुणाला थांबवू शकला नाही हे मान्यच केले पाहिजे. पण तो का थांबवू शकला नाही? माझा तर्क असा. एसेन शहराच्या राजचिन्हात तलवार आहे. ती या संतांचीच तलवार. परंतु चिन्हात तलवार आली, चांदीच्या पट्टीवरचा लेख आला नाही. चिन्हात अक्षरांना जागा नसते. म्हणजे शहराने हत्यार तेवढे उचलले आणि त्याची आठवण रत्नशाळेत ठेवून दिली. तलवार जोवर दोन वैद्यांच्या नावाने ओळखली जात होती तोवर तिच्याकडे पाहणाऱ्याची मान आपोआप खाली होत असेल. ती नुसती ‘आमच्या गावची तलवार’ झाली तेव्हा छाती फुगली. शोभेच्या वस्तूचे हे मोठे भय आहे. सोने हत्याराला शांत करीत नाही, ते फक्त झाकते. आणि झाकलेल्याचा विसर पडायला एक पिढी पुरते. मुलामा वरचा असतो, आत पाते तसेच धारदार असते.

हे सारे तिकडचे, आपला काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे, आणि तो लोखंडाचा आहे. एसेनच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर झोलिंगन नावाचे गाव आहे, ते पाती घडवणाऱ्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. युरोपातून आलेल्या लांब, सरळ पात्याला आपल्याकडे फिरंग म्हणत, आणि त्याला इथली मूठ बसवून मराठे ते वापरीत. अशी पुष्कळ पाती जर्मन आहेत. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी अशी एक फिरंग आहे. दसऱ्याला तिची पूजा होते, झेंडूची माळ पडते, आणि घरातले वडीलधारे ती कोणत्या पूर्वजाने कोणत्या मोहिमेत नेली ते पाहुण्यांना हौसेने सांगतात. एका दसऱ्याला त्या मुलाच्या धाकट्या बहिणीने, वय वर्षे सात, विचारले, ‘आजोबा, हिनं कुणाला मारलं?’ आजोबा हसले आणि म्हणाले, ‘शत्रूला.’ पोरीने पुन्हा विचारले, ‘त्याचं नाव काय होतं?’

मी तिथे पाहुणा होतो. आजोबांना उत्तर देता आले नाही यात त्यांचा काही दोष नव्हता. चौदा पिढ्यांत कुणी ते जपूनच ठेवले नव्हते. चालवणाऱ्याचे नाव आपण जपतो, कारण त्यातून आपल्याला वारसा मिळतो. मारल्या गेलेल्याचे नाव जपून काय मिळणार? कादंबरीकार म्हणून मला हा मोह चांगला परिचयाचा आहे. मारणाऱ्याचे चित्र रंगवणे सोपे असते; त्याच्यापाशी हालचाल असते, बेत असतात, आवाज असतो. मरणारा एका वाक्यात संपतो. त्याला पानभर जागा द्यायची म्हटली की लेखणी अडते, कारण मग त्याची आई लिहावी लागते, त्याचे अर्धवट राहिलेले शेत लिहावे लागते, आणि वाचकाला त्या शूर घावाची गोडी राहत नाही.

मग शस्त्रे पुजूच नयेत काय? असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. शस्त्राशिवाय राज्य नाही, आणि राज्याशिवाय दुबळ्याचे संरक्षण नाही. ज्या शाळेत मी शिकवतो तिथली मुले पुढे पलटणीत जातात आणि त्यांचा मला अभिमान वाटतो. एसेनच्या त्या मठातल्या स्त्रियांनीही तलवार वितळवून टाकली नाही. त्यांनी ती म्यानात घातली, आणि त्या म्यानावर पुढे मारले गेलेल्यांची आठवण कोरण्यात आली. म्यानाचा खरा अर्थ मला इथे दिसतो. म्यान म्हणजे तलवारीचा दागिना नव्हे. पाते बाहेर काढण्यापूर्वी ज्याच्यावरून हात फिरवावा लागतो ते म्यान. त्या एका क्षणात हाताखाली काय लागते, हा सगळा प्रश्न आहे. चौदा राजे लागले तर हात अधिक उतावळा होईल. दोन वैद्यांची आठवण लागली तर तो कदाचित थबकेल. कदाचित थबकणारही नाही. एसेनचा इतिहास आपण पाहिलाच. पण थबकण्याला निदान जागा राहील, आणि माणसाच्या नीतीला याहून मोठी हमी आजवर कुणी दिलेली नाही.

आपल्या दिवाळीकडेच पाहा ना. नरकचतुर्दशीला आपण अभ्यंगस्नान करतो, पायाखाली कारीट चिरडतो, असुराच्या वधाचा आनंद मानतो. पण त्या दिवसाला नाव आहे ते मारल्या गेलेल्या नरकासुराचे. मरताना त्याने मागितलेला वर म्हणूनच हे मंगलस्नान चालू राहिले, असे आपल्या आज्या सांगत आल्या. आणि पाडव्याला तर आपण जिंकणाऱ्या वामनाचे राज्य मागत नाही, पाताळात घातलेल्या बळीचे राज्य यावे म्हणतो. ज्यांनी या चालीरीती घातल्या त्यांना एवढे निश्चित कळत होते की विजयाच्या दिवशी हरलेल्याला घरात थोडी जागा ठेवावी. त्याने विजयाची झिंग उतरते आणि आनंद मात्र राहतो.

राहिला प्रश्न त्या खोट्या लेखाचा. मुलांना मी काय सांगावे? मी दोन्ही सांगतो. पाते दहाव्या शतकातले आहे, तेव्हा ज्या वैद्यांची आठवण कोरली आहे ते या तलवारीने मेले नाहीत, हे फळ्यावर सनावळीसह लिहून देतो. आणि मग सांगतो, की हे खोटे असले तरी ती पट्टी बसवणाऱ्या माणसाने विचारलेला प्रश्न खरा होता. तलवार कुणाची, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर असे होते, की जो तिने मेला त्याची ती आधी, आणि ज्याने चालवली त्याची नंतर. वर्गात एखाददुसरे पोर हे ऐकून गप्प होते. बाकीची तास संपण्याची वाट पाहतात, आणि त्या वयाला ते ठीकच आहे.

परंतु त्या सात वर्षांच्या मुलीला अजून उत्तर मिळालेले नाही. त्या फिरंगेच्या म्यानाला ना सोने आहे ना चांदी. मखमल विटून गेली आहे. त्या घरच्या आजोबांनी यंदाच्या दसऱ्याला तिच्यापुढे एक फूल जास्त ठेवले. कुणासाठी, असे सुनेने विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘नाव ठाऊक नाही त्याच्यासाठी.’